न मागता वाढलेला ब्राउझर

पंचगंगा चढायला लागली की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी सुरू होते, राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती झाले? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सकाळी आमच्या गल्लीतल्या काकू फोन घेऊन दारात आल्या. ‘‘अगं, पाण्याचं बघायला गेले तर भलतंच यायला लागलंय. जरा बघ की.’’

भलते म्हणजे काय ते बघितल्यावर मीही गप्प झाले. पाणीपातळीच्या बातमीच्या वर, मध्ये आणि खाली जाहिराती होत्या. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवर सवलत, कुठलेसे रुग्णालय, गाठ विरघळवणारे चूर्ण. काकूंनी आवाज खाली आणून सांगितले, की आठ दिवसांपूर्वी आंघोळ करताना हाताला गाठ लागली होती. घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. फक्त फोनला विचारले होते. ‘‘आणि काल जावयानं मॅचचा स्कोअर बघायला फोन घेतला माझा,’’ एवढे म्हणून त्या थांबल्या.

गाठीचे काय झाले ते आधी सांगते, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला लागणार नाही. त्याच आठवड्यात मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. गाठ पाण्याची होती, निरुपद्रवी. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कुठली आहे आणि कुठली नाही, हे बोटांनी चाचपून किंवा फोनला विचारून कळत नाही. त्यामुळे प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवायचीच. काकूंची ओळख पटू नये म्हणून इथे एकदोन तपशील बदलले आहेत. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे ते मात्र गाठीबद्दल नाही, चहाडी करणाऱ्या त्या फोनबद्दल.

‘‘काकू, कुठला ब्राउझर वापरता?’’ मी विचारले.

‘‘ते काय असतं? मी गुगल वापरते.’’

हे उत्तर मला शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही मिळते. ब्राउझर म्हणजे लिंक दाबल्यावर ज्या ॲपमध्ये पान उघडते ते. क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ओपेरा, सॅमसंग इंटरनेट, आयफोनवरची सफारी ही त्यातली काही नावे. व्हॉट्सॲपवर आलेली बातमी, एसएमएसमधून आलेली वीजबिलाची लिंक, ईमेलमधला रिपोर्ट, हे सगळे न सांगता ज्या एका ॲपमध्ये उघडते, तो आपल्या फोनचा डिफॉल्ट ब्राउझर. तो कुणी निवडला, असे विचारले तर शंभरातले बहुतेक लोक गोंधळून बघतात. निवडायचा असतो, हेच माहीत नसते.

कोल्हापूरकराला डिफॉल्ट समजावणे तसे सोपे आहे. खाणावळीत मटणाचे ताट सांगितले की तांबडा आणि पांढरा रस्सा न मागता येतो. ‘पांढरा नको’ असे म्हणता येते, पण म्हणतो कोण? समोर आलेली वाटी आपण उचलतो. फोनमधला ब्राउझरही असाच न मागता वाढलेला असतो. फरक इतकाच, की रस्सा कुणी वाढला आणि का, हे आपल्याला ठाऊक असते.

न बदलण्याचे शास्त्र

समोर ठेवलेले तसेच पुढे चालू ठेवायचे, ही माणसाची खोड मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ गेली काही दशके अभ्यासत आहेत. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तिच्यावर एक शोधनिबंध लिहिला. पर्यायांपैकी एकाला ‘सध्या हे आहे’ अशी चिठ्ठी लावली की तो पर्याय अधिक लोक निवडतात, असे त्यांना दिसले. ‘जैसे थे’कडे आपले मन नकळत कलते.

याचे सर्वात ठसठशीत उदाहरण आरोग्याच्याच क्षेत्रातले आहे. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या देशांमधले अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले. जर्मनीत संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. भाषा तीच, संस्कृतीही जवळजवळ तीच. ऑस्ट्रियन माणूस जर्मनापेक्षा आठपट दयाळू असतो असे काही नाही. जर्मनीत अवयवदान करायचे असेल तर तसे नोंदवावे लागत होते. ऑस्ट्रियात करायचे नसेल तर नोंदवावे लागत होते. बाकी कुणी काही न केल्यास काय धरायचे, एवढाच फरक. कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, हे खरे. दोन्हीमध्ये रुग्णालये, समन्वयक आणि नातेवाइकांचे मन असे बरेच काही असते. पण कोरा चौकोन कुणाच्या बाजूने मोजायचा, हे ठरवणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, ते या दोन आकड्यांतून कळते.

आणि ताकद असते तिथे पैसा असतो. इंटरनेटवर शोध घेण्यासाठी ठिकठिकाणी आपलेच नाव आधीपासून बसवलेले असावे, म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात फोन कंपन्या, ब्राउझर कंपन्या वगैरेंना २६.३ अब्ज डॉलर दिले. ही माहिती अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाली. बदलायला अर्धे मिनिट लागते अशा गोष्टीसाठी एवढी रक्कम! ते अर्धे मिनिट आपण खर्च करणार नाही, याची खात्री असल्याशिवाय कुणी असे पैसे मोजणार नाही. त्या खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता (जन्म गुजरातेतल्या पाटणचा) यांनी गुगलने आपली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी उपाय ठरवले. क्रोम विकायला लावले नाही, पण ‘फक्त आमचेच ठेवा’ अशा करारांना बंदी घातली.

भारतात हा विषय त्याआधीच गाजला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवे असेल तर गुगलची बाकीची ॲप्सही फोनमध्ये आधीपासून बसवा, अशी अट फोन कंपन्यांवर होती, आणि क्रोम त्यातच होते. आपल्याकडे दहातल्या नऊहून अधिक स्मार्टफोनवर अँड्रॉइड चालते; त्यामुळे ही अट म्हणजे जवळजवळ सगळ्या देशाच्या ताटातली वाटी. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीपासून बसवलेली ॲप्स ग्राहकाला काढून टाकू द्या, हा निर्देशही त्यात गेला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. दरम्यान, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले. कोणते शोध इंजिन हवे, हे नवा फोन सुरू करताना विचारले जाईल, हा त्यातला एक.

इथे एक बारकावा आहे. विचारले जाणार ते शोध इंजिनाबद्दल, ब्राउझरबद्दल नव्हे. युरोपीय संघात ७ मार्च २०२४ पासून डिजिटल बाजारपेठेचा नवा कायदा लागू झाला आणि तिथल्या ग्राहकांपुढे ब्राउझरची यादीच येऊ लागली. एक निवडा, मग पुढे जा. आपल्याकडे ती यादी आपणच शोधून काढायची.

आपण पूर्वी बदललाच होता

‘लोक आळशी असतात’ म्हणून हे सोडून देणे मला पटत नाही. कारण याच कोल्हापुरात, याच माणसांनी, पंधरा वर्षांपूर्वी ब्राउझर बदललेला मी पाहिला आहे.

टूजीचे दिवस आठवा. डेटा महाग, गती गोगलगायीची. तेव्हा मोबाइल रिपेअरीच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेताना पोरे सांगायची, ‘भावा, ओपेरा पण टाक.’ २००६ मध्ये जगभर आलेला ओपेरा मिनी पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर आवळून घ्यायचा आणि मग फोनवर पाठवायचा. तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त पाने बघता यायची. त्याच वाटेने चिनी यूसी ब्राउझर आला आणि एके काळी भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोबाइल ब्राउझरांमध्ये जाऊन बसला. दुकानदार, कॉलेजची पोरे, रिक्षावाले, सगळ्यांनी तो मुद्दाम टाकून घेतला. नुकसान खिशाला जाणवत होते, म्हणून बदल झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ब्राउझरची चर्चाच थांबली.

त्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने यूसी ब्राउझर तपासला. फोनचे आणि सिमचे ओळख क्रमांक, ठिकाण, शोधलेले शब्द, यातले बरेच काही तो नीट न झाकता बाहेर पाठवत होता, असे त्यांना आढळले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात हा ब्राउझरही होता. म्हणजे आपण डेटाचे पैसे वाचवले आणि माहितीचे मोजले. आज कुणी ‘जुना यूसी अमुक संकेतस्थळावरून उतरवून देतो’ म्हणाला तर हात जोडा.

आता खिशाला काही जाणवत नाही. तोटा होतो तो काकूंसारखा, दुसऱ्याच्या हातात फोन गेल्यावर कळणारा.

वही घेऊन बसलेला माणूस

काकूंची गाठ जाहिरातवाल्यांना कशी कळली? फोनने चोरून ऐकले, असे त्यांना वाटत होते. तसे काही लागत नाही.

समजा, तुम्ही महाद्वार रोडवर खरेदीला निघालात. साडीच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस वही घेऊन बसला आहे. पुढे औषधाच्या दुकानात गेलात, तिथेही तोच. गुजरीत सोनाराकडे, तिथेही तोच. तो दुकानदार नाही; प्रत्येक दुकानदाराने त्याला बसायला जागा दिली आहे. तुमचे नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही, पण हिरव्या पिशवीवाल्या बाई आधी औषधाच्या दुकानात काय मागत होत्या, हे त्याच्या वहीत आहे. इंटरनेटवर ही हिरवी पिशवी म्हणजे कुकी, ब्राउझरने जपून ठेवलेली छोटी नोंद. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याने स्वतःची नोंद ठेवली तर फारसे बिघडत नाही, उलट दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही. कोपऱ्यातल्या तिसऱ्याच माणसाने ठेवलेली नोंद हा खरा प्रश्न.

आणि तो माणूस दवाखान्यातही बसलेला असतो. जून २०२२ मध्ये ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने तिथल्या नामांकित १०० रुग्णालयांची संकेतस्थळे तपासली. त्यातल्या ३३ ठिकाणी फेसबुकच्या मूळ कंपनीचा माग काढणारा तुकडा बसवलेला होता. रुग्णाने अपॉइंटमेंटचे बटण दाबले की खबर तिकडे जात होती. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण आरोग्याच्या माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक असा वर्ग नाही. चपलेची माहिती आणि गाठीची माहिती कायद्याला एकाच तराजूत दिसते. मला ही मोठी उणीव वाटते.

ब्राउझर महत्त्वाचा ठरतो तो इथे, कारण पिशवी त्याच्या हातात असते. वहीवाल्याला ती दाखवायची की नाही, हे तोच ठरवतो. सफारीने मार्च २०२० पासून अशा तिसऱ्या पक्षाच्या सगळ्या कुकी आपोआप अडवल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून माहीत असलेल्या माग काढणाऱ्यांना सर्वांसाठी अडवायला सुरुवात केली. ब्रेव्ह सुरुवातीपासून जाहिरातींसकट अडवतो. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये ‘दोन वर्षांत बंद करू’ असे जाहीर केले, मग मुदत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सध्याची पद्धतच चालू राहील असे सांगितले. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, तिच्याकडून वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. क्रोमची बाजूही सांगायला हवी. घातक पानांपासून संरक्षण आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पटापट पोहोचवणे, यात तो वाईट नाही, चांगलाच आहे. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन तिसऱ्या पक्षाच्या कुकी तिथेही बंद करता येतात. पण मग पुन्हा तीच गोष्ट, सेटिंगमध्ये जातो कोण?

‘मी इन्कॉग्निटोमध्ये बघते’ असे काही जण अभिमानाने सांगतात. त्याने इतिहास लपतो तो आपल्याच फोनवर. घरातल्यांपासून लपवायला ते ठीक आहे, आणि काकूंना खरे तर तेवढेही पुष्कळ झाले असते. पण संकेतस्थळ आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यासाठी तो पडदा नाही.

बदलायचा कसा

आधी नवा ब्राउझर प्ले स्टोअरमधूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडा, त्यात ‘डिफॉल्ट ॲप्स’ शोधा, त्यात ‘ब्राउझर ॲप’ दाबा. यादी दिसेल, हवे त्या नावावर टिचकी मारा. संपले. कंपनीगणिक या पाट्या थोड्या इकडेतिकडे असतात. सापडले नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डिफॉल्ट’ टाइप करा. आयफोनवर हे स्वातंत्र्य सप्टेंबर २०२० पर्यंत नव्हतेच, आयओएस १४ बरोबर ते आले. आता तिथेही सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’च्या यादीत ‘डिफॉल्ट ॲप्स’ असे वेगळे दालन आहे.

काकूंचा पहिला प्रश्न होता, ‘‘बँकेचं काही जाईल का गं?’’ काही जात नाही. जुना ब्राउझर फोनमध्येच राहतो, त्यातले जतन केलेले पासवर्ड आणि खुणा जागच्या जागी असतात. फोनपे, गुगल पे यांचा आणि डिफॉल्ट ब्राउझरचा संबंध नाही. पसंत पडले नाही तर त्याच वाटेने परत.

काय बदलत नाही, हेही माहीत हवे, नाहीतर फसवणूक झाल्यासारखे वाटते. फोनच्या दर्शनी पडद्यावर जी शोधपट्टी असते ती ब्राउझर नव्हे, ते स्वतंत्र ॲप आहे. तिथे टाइप केलेले पूर्वीच्याच ठिकाणी जाणार. काकूंनी गाठीबद्दल तिथेच विचारले होते. तिला बोट न लावता नव्या ब्राउझरचे चिन्ह खालच्या ओळीत आणून ठेवायचे आणि तिथून शोधायचे, ही सवय मोडायला त्यांना चार दिवस लागले. नव्या ब्राउझरमध्येही शोध इंजिन बहुधा गुगलच असते, ते हवे तर वेगळे बदलावे लागते. आणि फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली तर पान त्यांच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तुमची निवड काहीही असो. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझे या संशोधकाने दाखवून दिले, की ही ॲप्स अशा उघडलेल्या पानांत स्वतःचा कोड घुसवतात. त्या पानाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो. आरोग्याविषयीचे काहीही वाचताना तो वापरा.

आणखी एक. बाहेरून वेगळे दिसणारे ब्राउझर आतून पुष्कळदा एकच असतात. एज, ब्रेव्ह, ओपेरा, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांत क्रोमचेच इंजिन आहे, क्रोमियम नावाचे. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेला एकच भाग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत जावा, तसे. फायरफॉक्सचे इंजिन स्वतःचे. बहुतेक देशांत आयफोनवर तर प्रत्येक ब्राउझरला ॲपलचेच इंजिन वापरावे लागते. म्हणून सगळे सारखे, असे मात्र नाही. पिशवी दाखवायची की नाही, हा निर्णय इंजिनाच्या वर, गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतो.

चाळिशी आणि अक्षरे

खासगीपणाचे बोलणे काकूंनी ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा खुलला तो दुसऱ्याच गोष्टीने. मी नव्या ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी करून दिली.

चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळचे बघताना त्याला फुगता येत नाही. मग फोन हातभर लांब धरायचा. चष्मा हवाच, पण पानही मदत करू शकते. बहुतेक ब्राउझरांच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाखाली अक्षरांचा आकार वाढवता येतो. काहींत ‘वाचन दृश्य’ असते. ते दाबले की जाहिराती, उड्या मारणारी चित्रे, चौकटी सगळे गळून पडते आणि फक्त मजकूर राहतो. एज ब्राउझर पान मोठ्याने वाचूनही दाखवतो. मायक्रोसॉफ्टने बनवलेल्या मराठी आवाजांना नावेसुद्धा आपल्याकडची आहेत, आरोही आणि मनोहर. ज्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळायची आहे, त्यांच्यासाठी ही सोय लहान नाही.

त्याच बैठकीत काकूंच्या फोनवर दिवसभर टणटण वाजणारे ‘तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस’ हे संदेशही थांबवले. कधीतरी एका पानाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले होते आणि काकूंनी सज्जनपणे ‘हो’ म्हटले होते. तो व्हायरस नव्हता, व्हायरसची भीती घालणारी जाहिरात होती. जुन्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सूचना’ उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढली की गप्प. अशा संदेशावरून कुणी पैसे भरून बसले असेल तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. वेळ जितका जातो तितके पैसे परत मिळणे अवघड होते.

पंधरा दिवस

जानेवारी २०२५ मध्ये काही अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो संगणकावरच्या शोध इंजिनांचा होता, फोनवरच्या ब्राउझरचा नव्हे. पण आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा. गुगल वापरणाऱ्यांपुढे पर्यायांची यादी ठेवून ‘निवडा’ म्हटले, तेव्हा प्रतिस्पर्धी बिंगचा वाटा जेमतेम १.१ टक्क्याने वाढला. म्हणजे नुसते विचारून फारसे काही होत नाही, लोक ओळखीचेच नाव निवडतात. पण काहींना पैसे देऊन दोन आठवडे बिंग वापरायला लावले. मुदत संपल्यावर त्यातल्या ३३ टक्के लोकांनी तेच पुढे वापरायचे ठरवले. न वापरता ज्याबद्दल वाईट मत होते, ते वापरल्यावर बदलले. दोनतृतीयांश परत गेले, तेही ठीकच. त्यांनी निदान चव घेऊन ठरवले.

मी काकूंना तसेच सांगितले होते, पंधरा दिवस वापरा, नाही जमले तर परत करून देते. पैसे अर्थातच दिले नाहीत. उलट त्यांच्याकडूनच चहा घेतला. त्या काळात दोनदा त्या कुरकुरत आल्या. एकदा पाठ असलेले बटण जागेवर नव्हते म्हणून. दुसऱ्यांदा एका पानावर ओटीपी टाकायचा चौकोनच दिसेना म्हणून. असे होते. जाहिराती अडवणारा ब्राउझर कधीकधी पानाचा कामाचा भागही अडवतो. तेवढे पान जुन्या ब्राउझरमध्ये उघडून दिले. ‘‘दोन्ही राहू देत की मग,’’ काकू म्हणाल्या, ‘‘सणाच्या आणि रोजच्या चपला वेगळ्या असतात तसं.’’

सोळाव्या दिवशी मीच विचारायला गेले. जावई आले होते, सोफ्यावर बसून काकूंच्याच फोनवर स्कोअर बघत होते. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘‘अहो, तेवढं पाणी किती झालंय तेही बघा.’’ त्यांनी बघितले. एकतीस फूट सात इंच, आणि उतरत होते.